गच्चीवरचा आठ

फेब्रुवारीत मांबलम स्टेशनसमोर मी एका माणसाचा दात पाडला. वरचा, पुढचा. त्याच्या मोपेडचा आरसा माझ्या स्कूटरला घासला, त्याने वळून तमिळमध्ये काहीतरी सुनावलं, आणि मी स्कूटर स्टँडवर लावली, हेल्मेट काढून हँडलला अडकवलं, चार पावलं चालत गेलो आणि त्याच्या तोंडावर मूठ हाणली. स्टँड लावल्याचं मी मुद्दाम सांगतोय. राग आला की मला काही दिसत नाही, असं मी जन्मभर लोकांना सांगत आलो होतो. पण स्टँड दर वेळी बरोबर लागतो.

एका ठोशावर भागलं नाही. तो खाली बसला तरी मी त्याला कॉलर धरून उठवलं आणि आणखी दोन दिले. त्याच्या पिशवीतला मोगऱ्याचा गजरा रस्त्यावर पडला होता, तो त्याच्याच गुडघ्याखाली चिरडला. लोकांनी मला ओढून बाजूला केलं तेव्हा माझी मुलगी इरा स्कूटरपाशी दप्तर पोटाशी धरून उभी होती. सातवीत आहे. तिच्या पांढऱ्या मोज्यावर रक्ताचे तीन थेंब होते. त्या माणसाला दाताच्या डॉक्टरकडे मीच नेलं, पोलिसांपुढे माफी मागितली, प्रकरण मिटलं. घरी आल्यावर माझ्या बायकोने, शशिकलाने, ते मोजे धुतले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना ती बोलली. इराची परीक्षा एप्रिलात संपते, तोवर बघते, म्हणाली. पुढचं मात्र तिने माझ्याकडे वळून सांगितलं.

“पुन्हा हात उठला, कुणावरही, तर मी तिला घेऊन मिरजेला आईकडे जाणार. आणि परत येणार नाही.”

मी काशिनाथ, मूळचा इचलकरंजीचा. वय चव्वेचाळीस, चेन्नईत अकरा वर्षं. श्रीपेरुंबुदूरपलीकडे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे, म्हणजे दिवसभर लोकांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि ती त्यांच्या तोंडावर सांगायची. बनवणारे माझ्यावर चिडलेले, वरचे साहेब माल अडला म्हणून चिडलेले, आणि जायला दीड तास, यायला दोन तास बस. अशा नोकरीत शांत राहणारा माणूस एकतर संत असेल किंवा बहिरा. मी दोन्ही नाही. पण इरा गेली तर मला घरात राहून करायचंय काय? ती नसलेलं घर मला नको होतं, हे एवढं मला स्वच्छ कळत होतं.

म्हणून मी डॉक्टरकडे गेलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रंजनी म्हणून डॉक्टर आहेत. त्यांनी पट्टा आवळला, फुगा दाबला आणि आकडा वाचून पुन्हा एकदा दाबला. एकशे अडुसष्ट, एकशे आठ. मग एक गोळी दिली आणि कागदावर लिहून दिलं: रोज चाळीस मिनिटं चालणं, मीठ निम्मं, चारनंतर कॉफी बंद, साडेदहाला झोप, मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर, आणि राग आला की सोळा लांब श्वास. मला हायसं वाटलं. माझ्यात खोट आहे ती रक्तदाबाची, स्वभावाची नव्हे, असा मी सोयीस्कर अर्थ काढला. गोळी आणि कागद खिशात घालून मी विजयी मुद्रेने घरी आलो.

चालायचं कुठे, हा प्रश्न आमच्या घरमालकांनी सोडवला. अनंतराव तळमजल्यावर राहतात. तंजावरकडचे मराठी, तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्यांचे वंशज, रेल्वेतून निवृत्त, वय चौऱ्याहत्तर. त्यांचं मराठी ऐकताना आधी वाटतं की जुनी पोथी वाचतायत आणि मग वाटतं तमिळ बोलतायत. ते गच्चीवर पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आले आणि दक्षिणोत्तर असा भला मोठा इंग्रजी आठाचा आकडा काढला, टोकापासून टोकापर्यंत वीस पावलांचा. इथे बागांतून असे आठ आखलेले असतात आणि म्हातारेकोतारे त्यावरून भल्या पहाटे फिरत असतात. वीस मिनिटं एका दिशेने, वीस मिनिटं उलट.

“असके लोक गोळी गिळतात, काशिनाथराव. तुम्हीं आठ चालां. रक्त निवतें,” अनंतराव म्हणाले. असके म्हणजे त्यांच्याकडे सगळे. “बोलायचें नाही, थांबायचें नाही. सरि?”

सरि, म्हटलं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी आठावर हजर.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण मी नऊ आठवडे एक दिवस चुकलो नाही. हा माझा दुसरा दुर्गुण. मी जे धरतो ते गळा धरल्यासारखं धरतो. आमटीतलं मीठ मी स्वतः टाकू लागलो. पापड बंद, फरसाण बंद. साडेदहाला घरातले सगळे दिवे बंद, मग इराचा अभ्यास उरला असला तरी. टीव्हीचा आवाज माझ्या श्वासाच्या आड येतो म्हणून टीव्ही बंद. एकदा शशिकलाचा मोबाइल झोपायच्या खोलीत वाजला तेव्हा मी तो बादलीत बुडवला. माझं मन शांत राहावं म्हणून घरातली दोन माणसं तोंड दाबून वावरत होती आणि मी दर पंधरवड्याला डॉक्टरकडे जाऊन आकडा घेऊन येत होतो. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे छत्तीस. घरी येऊन मी आकडा मोठ्याने सांगायचो आणि त्या दोघी बरं म्हणायच्या.

तिसऱ्या आठवड्यात लोणच्याची बरणी फुटली. म्हणजे मी फोडली. मिरजेहून सासूबाईंनी पाठवलेलं आंब्याचं लोणचं शशिकलाने पिठाच्या डब्यामागे लपवलं होतं आणि माझी पाठ वळली की मायलेकी बिनमिठाच्या आमटीबरोबर ते खात होत्या. मला ते सापडलं. माझ्या घरात, माझ्या जिवावर उठलेली वस्तू, चोरून. मी बरणी उचलून ओट्यामागच्या भिंतीवर आपटली. काच सगळीकडे उडाली, फरशांवरून लाल तेल ओघळलं, एक तुकडा शशिकलाच्या कपाळाजवळून गेला आणि तिने दचकून मागे पाऊल टाकलं ते काचेवर. टाच अशी चिरली की तेल कुठलं आणि रक्त कुठलं ते कळेना.

मी तिथेच उभा राहून सोळा श्वास मोजले. सोळावा सोडला तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला, कारण मी कुणाला मारलं नव्हतं. तसं मी बोलूनही दाखवलं. शशिकला खाली बसली होती, इरा टॉर्च धरून चिमट्याने तिच्या टाचेतली काच काढत होती. दोघींपैकी कुणीही मान वर केली नाही.

आणि मजा बघा, दुसऱ्याच दिवशी पहाटे इरा गच्चीवर आली. डोळे चोळत, शाळेचे बूट घालून. मलाही चालायचंय, म्हणाली. मला गहिवरून आलं. मी पुढे, ती मागे, पाच-सहा पावलांवर. मी वळलो की ती वळायची, मी भरभर चाललो की तीही भरभर. बोलायचं नाही हा नियम तिने माझ्यापेक्षा कडक पाळला. त्यानंतर एक दिवस ती चुकली नाही. कधीमधी अर्ध्यातून खाली निघून जायची, पाणी प्यायला म्हणून, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्यामागे. बसमध्ये मी सगळ्यांना सांगायचो, आमची पोरगी बापाच्या पावलावर पाऊल ठेवून चालते, अक्षरशः. शशिकलालाही ऐकवलं. ती भाजी चिरत राहिली.

एप्रिल उजाडला. इराचे चार पेपर झाले, शेवटचा विज्ञानाचा राहिला. माझा आकडा एकशे अठ्ठावीसवर आला होता. आणि वरच्या मजल्यावरच्या कनकाअम्मांनी वडाम घालायला काढले. वडाम म्हणजे आपल्या कुरडयांची इकडची बहीण. तांदळाचं पीठ शिजवून, जिरं-मिरची घालून, जुन्या पांढऱ्या वेष्टीवर, म्हणजे इकडच्या धोतरावर, त्याचे घास घालायचे आणि उन्हात वाळवायचे. ऊन चढायच्या आत घालावे लागतात, म्हणजे बरोबर माझ्या वेळेला. पहिल्या दिवशी त्यांनी वेष्टी पसरली ती थेट आठावर. मी श्वास मोजले आणि वळसा घालून चाललो. जाताना अनंतरावांना सांगितलं की अम्मांना जरा आठ मोकळा ठेवायला सांगा.

अनंतरावांनी सांगितलं आणि अम्मांनी ऐकलंही. फक्त त्यांनी आठ म्हणजे रंगाची रेघ असं धरलं. दुसऱ्या दिवशी मी वर गेलो तर पांढरी रेघ झाडून लख्ख ठेवलेली, आणि आठाची दोन्ही पोटं वेष्ट्यांनी भरलेली. उत्तरेच्या पोटात एक, दक्षिणेच्या पोटात एक, त्यावर ओळीने ओले वडाम. चालायला कणभर अडचण नव्हती. हे मी आज सांगतो, त्या क्षणी मला तसं दिसलं नाही. मला दिसलं की माझ्या आठात कुणीतरी खारट पदार्थ मांडलाय.

अम्मांचा मुलगा कार्तिकेय कावळे हाकायला काठी घेऊन पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता. तिशीचा, कॉम्प्युटरवाला, मोबाइलवर गाणी लावलेली. मी पहिला फेरा मारला, दुसरा मारला. गाणं बंद कर म्हणालो. त्याने आवाज कमी केला. मी बंद कर म्हणालो. तेव्हा तो हसून, शांतपणे तमिळमध्ये म्हणाला की स्टेशनवर म्हाताऱ्या माणसांचे दात पाडणाऱ्याला आठ चालून काय होणार, अंकल, त्यापेक्षा डोक्याच्या डॉक्टरला दाखवा.

अख्ख्या इमारतीला माहीत होतं तर. मी श्वास घ्यायला सुरुवात केली. चौथ्या श्वासाला मी चष्मा काढून कठड्यावर ठेवला. पाचवा घेतला नाही.

मी रेघ सोडून सरळ आत शिरलो, वेष्टीवरून, एकेका वडामावर पाय देत. तो ओरडत उठला आणि त्याने काठी आडवी धरली. काठी मी हिसकावून त्याच्याच खांद्यावर घातली, ती मोडली. मग त्याने मला पोटात गुद्दा मारला, चांगला जोरात मारला, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. नऊ आठवड्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं. मी त्याचे केस धरले आणि त्याचं डोकं टाकीच्या सिमेंटच्या कडेवर आपटलं. एकदा. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, तो आंधळ्यासारखा हात हलवायला लागला. दुसऱ्यांदा आपटलं. कनकाअम्मा माझ्या पाठीवर पिठाच्या हातांनी बुक्क्या मारत होत्या, त्या मला लागतही नव्हत्या.

तेवढ्यात जिन्यातून शशिकला आली आणि तिच्यामागून धापा टाकत अनंतराव. म्हातारा सरळ आमच्या दोघांच्या मध्ये घुसला. बस, बस, म्हणत त्याने माझं मनगट धरलं. मी ते झटकलं. झटकलं म्हणजे म्हाताऱ्याला दंडाला धरून बाजूला भिरकावलं. तो ओल्या वडामांवरून घसरला आणि हातावर पडला. हाडाचा आवाज मी ऐकला. ओली फांदी पायाखाली मोडावी तसा आवाज होता तो.

मग मी थांबलो. कनकाअम्मा खाली बसून वेष्टीचं टोक मुलाच्या भुवईवर दाबत होत्या, वडाम चिकटलेलं ते पांढरं कापड लाल होत चाललं होतं. अनंतराव उठून बसायचा प्रयत्न करत होते. मी इराला शोधलं. ती माझ्यामागे नव्हती. गच्चीवरच नव्हती. बरं झालं, म्हटलं, पोरीने हे पाहिलं नाही.

पोलिस आले, मला घेऊन गेले. कार्तिकेयला नऊ टाके पडले. मला सरकारी इस्पितळात तपासणीला नेलं, कारण पोलिसांना आरोपीची तपासणी करावी लागते. एका तरुण डॉक्टरने माझ्या दंडाला पट्टा बांधला. माझ्या बोटांवर दुसऱ्याचं रक्त वाळलेलं होतं. त्याने आकडा पाहिला आणि कौतुकाने विचारलं की तुम्ही नियमित चालता का. एकशे चोवीस, ऐंशी. अगदी पोरगेल्या मुलाचा आकडा आहे, असं म्हणत तो हसला.  मारताना माझं रक्त तापलं नव्हतं, उसळलं नव्हतं, काही नाही. माझी तब्येत उत्तम होती आणि मी एका माणसाचं डोकं दोनदा सिमेंटवर आपटलं होतं.

दुपारी मला जामीन मिळाला. जामीन राहायला अनंतराव आले होते, उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर. सही त्यांनी डाव्या हाताने केली, वाकडीतिकडी, पोलिसाने दोनदा करायला लावली. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर ते मागे सरकले.

“आठ मी तुमच्या रक्तासाठीं काढला,” ते म्हणाले. “हाताचें तुम्हींच बघायचें होतें.”

घरी आलो तर दाराशी दोन बॅगा. शशिकलाने परवाची, शेवटचा पेपर झाल्यानंतरची तिकिटं काढली होती. इरा टेबलापाशी विज्ञानाचं पुस्तक उघडून बसली होती. खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण जित्याची खोड. मी वाद घालायला लागलो. नऊ आठवडे मी किती केलं ते सांगितलं, आकडे सांगितले, आजची तपासणीसुद्धा सांगितली. एका सकाळी चूक झाली म्हणून संसार मोडायचा का, म्हणालो.  मग मी माझा हुकमी एक्का काढला. इराला विचार, म्हटलं. रोज पहाटे उठून माझ्यामागे चालते ती. बापाची भीती वाटली असती तर चालली असती का?

शशिकलाने डोळे मिटून घेतले. इराने पुस्तकात बोट घालून ते बंद केलं.

“मागून चाललं की तुमचे हात दिसतात, बाबा,” ती म्हणाली. “समोरून नीट नाही दिसत. बोटं मिटायला लागली की मी खाली जाऊन आईला सांगते. मग आई काचेचं सगळं वर ठेवते.”

मला आधी कळलंच नाही. मग तिची ती अर्ध्यातून पाणी प्यायला जाण्याची सवय आठवली. आज सकाळीही ती गेली होती. शशिकला आणि अनंतराव जिन्यातून धावत आले ते आवाज ऐकून नव्हे. माझी मूठ वळायला लागली तेव्हाच पोरगी खाली पळाली होती, एकेका दाराची कडी वाजवत.

बारा वर्षांची पोर पहाटे साडेपाचला उठून माझ्या मुठीवर पहारा देत होती, आणि मी ते बसमध्ये अभिमानाने सांगत होतो. लाज वाटणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. हात कुठे ठेवावेत ते सुचेना म्हणून मी ते खिशात घातले.

इरा झटक्यात उठली. खुर्ची मागे पडली. ती भिंतीला पाठ लावून माझ्या खिशांकडे बघत उभी राहिली.

मी हात बाहेर काढले. हळूच टेबलावर ठेवले, तळवे वर करून, बोटं उघडी. परीक्षा संपेपर्यंत तुम्ही कुठे जायचं नाही, मीच जातो, असं मी शशिकलाला सांगितलं. तिरुवल्लिकेणीत एकट्या पुरुषांना खोल्या देणारी जुनी घरं आहेत, तिथे राहतो. परवा मिरजेला जायचं की इथेच राहायचं ते तुम्ही दोघींनी ठरवा, मी विचारायलाही येणार नाही. शशिकला उठली आणि माझे कपडे एका पिशवीत भरू लागली. मी तिला थांबवलं नाही.

इराने खुर्ची उचलून सरळ केली, पण ती बसली नाही. हात हलवू नका हं, म्हणाली. नाही हलवत, म्हटलं. थोड्या वेळाने ती टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला बसली, पुस्तक उघडलं आणि पुटपुटत हृदयाचे चार कप्पे पाठ करायला लागली. एक ओळ झाली की ती मान वर करून बघायची. पिशवी भरून होईपर्यंत मी हात तसेच ठेवून बसलो.